पलीकडे कुणीच नसताना: आभासी सिरियल पोर्टच्या जोडणीचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

एका औद्योगिक नियंत्रण बोर्डाचं सॉफ्टवेअर तपासण्यासाठी आमची पाच जणांची टीम एक एम्युलेटर (बोर्डाची सॉफ्टवेअरमधली नक्कल) सांभाळत होती. खरे बोर्ड मोजके आणि तपासण्या पुष्कळ, म्हणून रात्रभर एकाच सर्व्हरवर अनेक आभासी बोर्ड चालायचे. बोर्डावर एम्बेडेड लिनक्स होतं आणि बाहेर बोलायला दोन सिरियल पोर्ट. पहिल्यावर, म्हणजे कन्सोलवर, कर्नलचा बूट लॉग आणि शेल यायचे. दुसऱ्यावरून बोर्डातला नियंत्रण प्रोग्राम बाहेरच्या देखरेख प्रोग्रामशी बायनरी पॅकेटमध्ये बोलायचा.

दोन्ही पोर्टची चिप १६५५०ए धाटणीची. आठ पत्त्यांवरची मूठभर रजिस्टरं, येणाऱ्या आणि जाणाऱ्या बाइटसाठी १६-१६ बाइटचे फिफो (रांगेसारखे छोटे साठे) आणि एक इंटरप्ट (सीपीयूचं लक्ष वेधणारी खूण), एवढाच पसारा. एम्युलेटर लिहायला घेतला की बहुतेक लोक हीच चिप सगळ्यात आधी उभी करतात, कारण तिच्याशिवाय आतलं काहीच दिसत नाही. आम्हीही ती सुरुवातीलाच, एका दुपारात लिहिली होती. पुढची अडचण त्या दुपारीच रुजली.

प्रत्येक पोर्टसाठी एम्युलेटर एक युनिक्स सॉकेट (त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायची वाट) उघडायचा. गेस्टनं, म्हणजे आभासी बोर्डावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरनं, पाठवायच्या रजिस्टरमध्ये बाइट टाकला की तो त्याच क्षणी, सीपीयूची नक्कल चालवणाऱ्या त्याच थ्रेडवर सॉकेटमध्ये लिहिला जायचा. जोडणीबद्दल कोडमध्ये एकच बूलियन (हो-नाहीची नोंद) होता: क्लायंट, म्हणजे सॉकेटच्या पलीकडचा प्रोग्राम, जोडलेला आहे की नाही.

## अडचण कशी दिसली

पहिली तक्रार सिरियल पोर्टची नव्हतीच. "बोर्ड रात्री आपोआप रीसेट होतो," अशी होती. दोन आठवडे आम्ही वॉचडॉगचा (ठरावीक वेळात गेस्टची चाहूल लागली नाही की बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरचा) ड्रायव्हर पिंजून काढला आणि हाती काही लागलं नाही. मग एकीच्या लक्षात आलं की रीसेट होणारे बोर्ड नेहमी तेच असतात, ज्यांचा कन्सोल कुणीतरी टर्मिनलवर उघडून ठेवलेला असतो.

साखळी अशी होती. कुणीतरी लॉग वाचता वाचता कंट्रोल-एस दाबून टर्मिनल थांबवायचं आणि तसंच सोडून जायचं. टर्मिनल वाचेना, म्हणून सॉकेटचा बफर भरायचा. बफर भरला की एम्युलेटरचं लिहिणं अडायचं, आणि लिहिणं सीपीयूच्या थ्रेडवर असल्यामुळे अख्खा आभासी सीपीयू जागच्या जागी थबकायचा. वॉचडॉगचा टायमर मात्र वेगळ्या थ्रेडवर, होस्टच्या, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या, घड्याळावर चालू. गेस्ट थबकलेला, वॉचडॉगला थोपटणारं कुणी नाही, म्हणून रीसेट. एका माणसाच्या टर्मिनलवरची एक कळ बोर्डाचा सीपीयू थांबवू शकत होती, आणि आम्ही ते स्वतःच लिहून ठेवलं होतं.

आम्ही घाईनं केलेली पहिली दुरुस्ती सरळ होती. सॉकेट न अडणारा केला आणि लिहिता येत नसेल तर बाइट टाकून दिला. रीसेट थांबले. पुढच्याच आठवड्यात एका बोर्डाचं कर्नल कोसळलं. त्या वेळी कन्सोलला कुणी जोडलेलं नव्हतं, त्यामुळे कोसळताना छापलेल्या ओळींपैकी एकही उरली नाही. ज्या क्षणासाठी कन्सोल असतो, नेमक्या त्याच क्षणी तो मुका झाला.

दुसऱ्या पोर्टवर वेगळंच चाललं होतं. देखरेख प्रोग्राम पुन्हा सुरू केला की अधूनमधून त्याला पहिल्याच वाचनात आधीच्या पॅकेटची शेपटी मिळायची आणि चेकसम (पॅकेट पडताळायची बेरीज) चुकायचा. तिकडे बोर्डातला प्रोग्राम जुन्या पॅकेटच्या पोचपावतीची वाट बघत बसलेला. दोघांनाही वाटे की आपण बरोबर आहोत. शिवाय एखाद्यानं चुकून दुसरा देखरेख प्रोग्राम चालू केला, तर त्याची जोडणी यशस्वी व्हायची आणि मग कायमची शांतता. ऐकणाऱ्या सॉकेटची रांग कर्नल सांभाळतं. एम्युलेटरनं स्वीकारलं नाही तरी त्या रांगेत जागा मिळताच क्लायंटच्या बाजूनं जोडणी पूर्ण झालेली असते. क्यूईएमयू हा प्रसिद्ध एम्युलेटरसुद्धा सॉकेटवर एका वेळी एकच क्लायंट घेतो आणि तो असेपर्यंत पुढच्याला स्वीकारत नाही, त्यामुळे तिथेही ही शांतता अनुभवाला येते.

## केबल उपटून बघितली

बैठकीत बरीच मतं मांडून झाली. मग आमच्यातल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्यानं विचारलं, "अरे, खऱ्या बोर्डाची केबल उपटली तर काय होतं, ते कुणी बघितलंय का?" कुणीच बघितलं नव्हतं. आम्ही उठून टेबलावरच्या बोर्डाकडे गेलो आणि केबल काढली.

बोर्ड चालतच राहिला. सिरियल तारेला "जोडणी" हा प्रकारच माहीत नसतो. ११५२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), आठ डेटा बिट, एक स्टार्ट आणि एक स्टॉप धरला तर एक बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत पिनवरून निघून जातो. पलीकडे संगणक असो, उघडी पिन असो, चिपला फरक पडत नाही. पलीकडच्याची चाहूल लागते ती फक्त मोडेमच्या जुन्या रेषांवरून. समोरचं उपकरण तयार आहे का हे डीएसआर सांगते, पाठवायला मोकळीक आहे का हे सीटीएस सांगते आणि दूरचा वाहक सापडला का हे डीसीडी सांगते. केबल काढली की या रेषा पडतात. चिप ते बदल मोडेम स्टेटस रजिस्टरमध्ये नोंदवते आणि गेस्टनं मागितलं असेल तर इंटरप्ट देते. पुढे काय करायचं ते गेस्टनं ठरवायचं.

माझ्या मते या प्रकरणाला वळण इथेच मिळालं. आमचा एकुलता एक बूलियन तीन वेगळ्या गोष्टी एकाच खुंटीला टांगत होता: सॉकेटला क्लायंट आहे का, मोडेमच्या रेषा वर आहेत का, आणि गेस्टमधल्या कुठल्या प्रोग्रामनं पोर्ट उघडला आहे का. या तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्रपणे बदलतात. व्हर्टआयओ कन्सोल (आभासी यंत्रांसाठीच आखलेलं सिरियलसारखं उपकरण) आखणाऱ्यांनी हा भेद उघडपणे नोंदवला आहे. त्यात एकाच उपकरणाचे अनेक पोर्ट असतील तर नियंत्रणासाठी वेगळी रांग असते. तिच्यावरून "पोर्ट उघडला" किंवा "पोर्ट मिटला" हा संदेश दोन्ही दिशांनी जातो, आणि होस्ट जोडलेला असणं व गेस्टनं पोर्ट उघडलेला असणं या दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात. १६५५०ए चिपमध्ये ही सोय नाही, म्हणून आम्हाला रेषांवरच भागवायचं होतं.

## तोललेले पर्याय

क्लायंट वाचेपर्यंत थांबायचं हा पर्याय मूळचाच होता. त्यात एकही बाइट हरवत नाही, म्हणून काहींना तो अजूनही पटत होता. पण टेबलावरच्या बोर्डानं त्याचा निकाल लावला होता. क्लायंटच्या मर्जीवर सीपीयू थांबत असेल तर आपण वेगळंच यंत्र तपासतोय. सगळं टाकून देणं चिपच्या दृष्टीनं सर्वांत प्रामाणिक, पण त्याचा चटका नुकताच बसला होता.

मधला मार्ग म्हणजे ट्रान्समिटर मोकळा असल्याचं बिट उशिरा उचलायचं. क्लायंट हळू असेल तर गेस्टला "अजून जागा नाही" असं दिसेल, सीपीयू मात्र चालत राहील. हे आम्हाला फार आवडलं होतं, पण हिशेब मांडल्यावर उत्साह ओसरला. लिनक्सचा ८२५० ड्रायव्हर कन्सोलवर लिहिताना ट्रान्समिटर मोकळा होण्याची साधारण १० मिलिसेकंद वाट बघून पुढे जातो. प्रत्येक अक्षराला तेवढी वाट बघावी लागली तर ८० अक्षरांच्या एका ओळीला ०.८ सेकंद लागतो. कोसळणारं कर्नल पन्नास ओळी छापतं म्हटलं तरी ४० सेकंद झाले. सीपीयू अडकत नाही, पण कन्सोल छापण्यात तो इतका गुंततो की वॉचडॉगच्या दृष्टीनं फरक राहत नाही.

चौथा पर्याय फिरत्या बफरचा. गेस्टकडून आलेलं सगळं बफरमध्ये ठेवायचं, तो भरला की जुनं पुसायचं आणि नवा क्लायंट आला की साठलेलं त्याच्या हाती द्यायचं. लॉगसाठी उत्तमच. पॅकेटच्या पोर्टवर मात्र हाच उपाय विषासारखा: नव्या क्लायंटला मेलेल्या संभाषणाची शिळी पॅकेटं मिळणार.

या तोलामापात तीन दिवस गेले, ते "पोर्टसाठी एकच योग्य धोरण कुठलं" हे शोधण्यात. प्रश्नच चुकीचा होता. दोन पोर्टांना दोन धोरणं लागत होती.

## काय केलं

आधी सीपीयूचा थ्रेड सॉकेटपासून तोडला. गेस्टनं लिहिलेला बाइट एम्युलेटरच्या स्वतःच्या बफरमध्ये जातो आणि बॉडच्या हिशेबानं ट्रान्समिटर पुन्हा मोकळा दिसतो. सॉकेटशी व्यवहार फक्त इव्हेंट लूप (घटनांची वाट बघून त्या हाताळणारा वेगळा भाग) करतो. एवढ्यानंच वॉचडॉगचा विषय संपला.

कन्सोलला २५६ किलोबाइटचा फिरता बफर दिला. ११५२०० बॉडच्या पूर्ण वेगानं तो साधारण पावणेतेवीस सेकंदांचा मजकूर धरतो. बूट लॉग आणि एक कर्नल कोसळणं त्यात आरामात बसतं. पॅकेटच्या पोर्टला साठवण दिली नाही. क्लायंट गेला की जाणारा बफर रिकामा करायचा आणि डीसीडी खाली घ्यायची. बोर्डातल्या प्रोग्रामला ते कळलं की तो अर्धवट पॅकेट सोडून देतो, क्रमांक शून्यावर आणतो आणि नव्या क्लायंटची वाट बघतो. यासाठी त्या प्रोग्राममध्येही बदल लागला. जोडणी तुटल्याचं कळूनही कुणी काही करणार नसेल तर कळवण्याला अर्थ नाही, म्हणून आमची आणि त्या प्रोग्रामची अशा दोन्ही टीमनी ते एकत्र बसून केलं.

पण डीसीडीचा हा नियम आम्ही आधी दोन्ही पोर्टांना लावला आणि तिथे फसलो. लिनक्समध्ये टर्मिनलवर सी-लोकल (मोडेमच्या रेषांकडे दुर्लक्ष करायला सांगणारा) हा पर्याय बंद असताना डीसीडी पडली तर कर्नल त्याला फोन ठेवल्यासारखं समजतं. त्या सत्राच्या म्होरक्या प्रक्रियेला हँग-अपचा सिग्नल जातो आणि शेल मरतं. कन्सोलवर कुणी तासभर चालणारी आज्ञा दिली, मग बघायची खिडकी बंद केली, की आज्ञा गेली. कन्सोलची डीसीडी कायम वर ठेवायची हे त्यानंतर ठरलं. दोन्ही पोर्टांची चिप एकच, आणि जोडणीचा अर्थ वेगळा.

### शेवटचा बाइट आणि हँग-अप

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो जोडणी मिटण्याच्या क्रमानं. देखरेख प्रोग्राम शेवटी "थांब" अशी आज्ञा लिहितो आणि लगेच सॉकेट मिटतो. एम्युलेटरला इव्हेंट लूपमध्ये दोन्ही खुणा एकदमच मिळतात: वाचायला काहीतरी आहे, आणि पलीकडचा गेला आहे. आमचा कोड हँग-अप आधी हाताळायचा. जोडणी मिटली, बफर झटकला आणि "थांब" कचऱ्यात. बोर्ड चालू राहिला. नियंत्रण बोर्डाच्या बाबतीत ही चूक किती गंभीर आहे हे वेगळं सांगायला नको.

योग्य क्रम ऐकायला सोपा आहे. वाचन शून्य बाइट परत करेपर्यंत वाचत राहायचं, आणि मगच "तुटलं" म्हणायचं. पण गेस्टचा येणारा फिफो १६ बाइटचा. गेस्ट हळू वाचत असेल तर उरलेलं सॉकेटमध्येच पडून राहतं आणि शून्य येतच नाही. म्हणजे क्लायंट मेलेला, त्याचे बाइट मात्र अजून वाटेत, अशी एक अवस्था तयार होते. आम्ही तिला "निचरा" असं नाव दिलं आणि ती कोडमध्ये स्वतंत्र अवस्था केली. निचरा चालू असताना डीसीडी वरच राहते, गेस्ट जागा करेल तसे बाइट पुढे जातात, नवा क्लायंट घेतला जात नाही. शेवटचा बाइट गेस्टनं उचलला की डीसीडी पडते.

गेस्टनं वाचणं पूर्णच थांबवलं तर? निचऱ्याला मुदत हवी होती. ती किती, यावर वाद झाला. शेवटी दोन सेकंद ठरली, आणि त्यानंतर काही टाकून द्यावं लागलं तर किती बाइट टाकले ते एम्युलेटरच्या लॉगमध्ये लिहायचं ठरलं. हा दोन सेकंदांचा आकडा कुठल्याही सिद्धांतातून आलेला नाही. पण टाकलेल्या बाइटची नोंद ठेवायची हा निर्णय मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. गप्प बसून डेटा टाकणाऱ्या कोडनंच आम्हाला आठवडेच्या आठवडे फिरवलं होतं.

### बाकीचे निर्णय

पहिला क्लायंट असताना दुसरा आला तर आता त्याला स्वीकारून लगेच मिटतो. "पोर्ट व्यग्र आहे" अशी ओळ पाठवावी असं सुचलं होतं, पण बायनरी पोर्टवर ती ओळ पॅकेट समजून वाचली गेली असती. गेस्ट रीसेट झाला तर सॉकेट तसाच ठेवायचा, कारण रीसेटची कळ दाबल्यानं कुणाची केबल निघत नाही.

स्नॅपशॉट परत चढवताना मात्र आम्ही चुकलो. जतन केलेल्या अवस्थेत डीसीडी वर होती आणि चढवताना सॉकेटला कुणी नव्हतं. गेस्ट भुताशी बोलत राहिला. सॉकेट हा होस्टचा असतो, तो स्नॅपशॉटमध्ये बसत नाही. चढवल्यावर प्रत्यक्ष स्थिती जतन केलेल्या स्थितीशी ताडून बघायची आणि फरक असेल तर गेस्टला बदलाचा इंटरप्ट द्यायचा. क्यूईएमयूच्या व्हर्टआयओ सिरियलमध्ये यंत्राच्या स्थलांतरानंतर नेमकं असंच ताडून गेस्टला कळवलं जातं. ते आम्ही आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

## परिणाम

कन्सोलमुळे होणारे रीसेट थांबले, आणि त्यानंतर कोसळलेल्या प्रत्येक कर्नलच्या ओळी बफरमध्ये सापडल्या. देखरेख प्रोग्राम कितीही वेळा पुन्हा सुरू केला तरी दोन्ही टोकं पहिल्या पॅकेटपासून जुळतात.

दोन गोष्टी मागाहून निघाल्या. बोर्डातला नियंत्रण प्रोग्राम हँग-अपनंतर पोर्ट वाचत राही. दर वाचनाला शून्य बाइट मिळत, तो पुन्हा वाचे, आणि एक सीपीयू शंभर टक्के व्यापला जाई. ही खोड जुनीच आहे. व्हर्टआयओ पोर्टवर होस्टच्या बाजूला कुणी नसताना लिनक्समध्ये वाचन असंच शून्य परत करतं, आणि क्यूईएमयूचा गेस्ट एजंट (गेस्टमध्ये चालणारा मदतनीस प्रोग्राम) यावर उतारा म्हणून प्रत्येक वेळी १०० मिलिसेकंद झोपतो. आम्हीही तोच उतारा घेतला.

दुसरी गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. कन्सोलला नवा क्लायंट जोडला की शेलमध्ये आपोआप विचित्र अक्षरं उमटायची. फिरत्या बफरमध्ये आधीच्या एखाद्या प्रोग्रामनं विचारलेला प्रश्न पडून होता: "कर्सर कुठे आहे?" नव्या टर्मिनलला साठलेलं दाखवताना तोही पोचला. टर्मिनलनं इमानदारीनं उत्तर दिलं आणि ते उत्तर शेलला कुणी टंकल्यासारखं मिळालं. त्यानंतर साठलेला मजकूर वेगळ्या, फक्त वाचायच्या सॉकेटवर हलवला. तिथून गेस्टकडे काहीच जात नाही. त्याची सुरुवातही पहिल्या पूर्ण ओळीपासून होते, म्हणजे एखादं अक्षर मधूनच कापलं जात नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

कोडच्या आधी एक तक्ता काढायला हवा होता. एका बाजूला अवस्था: कुणी नाही, जोडलेला, निचरा. दुसऱ्या बाजूला घटना: क्लायंट आला, गेला, दुसरा आला, गेस्ट रीसेट झाला, गेस्टनं पोर्ट उघडला किंवा मिटला, स्नॅपशॉट चढवला. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: वाटेतल्या बाइटचं काय? आम्ही हा तक्ता शेवटी काढला, तेव्हा अर्ध्या चौकटी आमच्याच बगच्या क्रमांकांनी भरल्या.

तपासणीसाठी आम्ही फक्त सभ्य क्लायंट वापरला होता, जो येतो, वाचतो, निरोप घेऊन जातो. हळू वाचणारा, पॅकेटच्या प्रत्येक बाइटवर मरणारा, लिहून लगेच पळणारा असा त्रासदायक क्लायंट आम्ही तिसऱ्या महिन्यात लिहिला. त्यानं पहिल्याच संध्याकाळी निचऱ्यातली एक चूक काढून दिली.

एक चौकट अजून रिकामी आहे. क्लायंट फक्त आपली लिहिण्याची बाजू मिटतो आणि उत्तराची वाट बघत वाचत राहतो, तेव्हा तो जोडलेला म्हणायचा की गेलेला? युनिक्स सॉकेटवर कर्नल अर्धवट मिटणं आणि पूर्ण मिटणं वेगळं दाखवतं, म्हणून तिथे आम्ही डीसीडी वर ठेवतो. टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीत, दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते, आणि पलीकडचा खरोखर गेलाय हे आपण काही लिहून ते परत फेकलं गेल्यावरच कळतं. बोर्डाला पाठवायला काहीच नसेल तर ते कधीच कळणार नाही. टीसीपीचा कीप-अलाइव्ह (पलीकडचा आहे का हे चाचपणारी सोय) मुद्दाम चालू केला तरी लिनक्सच्या मूळ मांडणीत तो दोन तास शांततेनंतर पहिली चाचपणी करतो. ही मुदत पोर्टमागे वेगळी ठेवायची की पॅकेटच्या नियमांतच ठरावीक वेळानं "आहे" असं म्हणणारं पॅकेट आणायचं, यावर दोन्ही टीमचं बोलणं चालू आहे.